सोमवारचा सांगावा

आईनं माझ्यासाठी कधी उपास धरला नाही. मुलगी उंब्रजला दिली, सुखानं नांदतेय, एवढ्यावर तिचं समाधान. भाऊ सैन्यात भरती झाला आणि तिनं सोमवार धरला. पोरगा कायमचा घरी येईपर्यंत सोडायचा नाही, असा देवापुढं शब्द दिला. दिवसभर पाणी नि कोरा चहा, जेवण दिवेलागणीनंतर.

पुढं तिला डायबेटिसनं गाठलं. माहेर कडेगावकडचं, घराच्या चारी अंगाला ऊस. तिला साखर झाली म्हटल्यावर लोक आधी हसले. गोळ्यांनी भागेना, मग इन्सुलिनची सुई आली. सुई चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईनं ते इमानेइतबारे पाळलं, सोमवारीसुद्धा. वहिनी घुटमळायची, तर ती म्हणायची, “औशदाला कसला उपास? टोच तू.”

सुई घेऊन ती दिवसभर उपाशी राहायची. घामानं डबडबायची, हात थरथरायचे. संध्याकाळी गुळाची दशमी, वर केळी. दिवसा साखर पाताळात, रात्री आभाळात. मी तोंडाची फटकळ, माहेरी गेले की भांडायचे. “देवानं सांगितलंय व्हय असं हाल करून घ्यायला?” असं विचारलं की दोन दिवस अबोला.

मग ती विसरू लागली. आधी चुलीवरचं दूध, नंतर गल्लीतली माणसं. आम्ही तिला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना आतून घट्ट अस्तर असतं. रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं, काय अडवायचं, ते त्यावर ठरतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की अस्तर सैल पडतं आणि नको ते आत झिरपतं. मेंदूला थोडं इन्सुलिनही लागतं, ते याच अस्तरातून जातं. तेही पुरेसं पोचेनासं होतं. आणि साखर एकदम उतरली की मेंदूच उपाशी. “सगळं यामुळंच झालं असं म्हणता येणार नाही, वयही आहे,” ते म्हणाले. “पण हे सोमवार थांबवा.”

पाटाचा बांध पाझरायला लागला की काय होतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. परतीच्या एसटीत मी रडले. तिचं डोकं आतून पोखरलं जात होतं आणि आम्ही त्याला श्रद्धा म्हणत होतो, याचा मला भयंकर राग आला.

सुईचं प्रमाण बदललं, पण सोमवारी ती घास घेईना. भावाची नोकरी संपायला थोडेच महिने उरले होते. तो आला की नवस फिटेल, ती जेवेल, एवढ्याच आशेवर आम्ही होतो.

तो ट्रंक घेऊन आला, कायमचा. आई ओसरीवर बसली होती. “आयं, आलो गं,” म्हणत तो पायाशी वाकला. तिनं पाय मागं घेतले, पदर सावरला.

“पाव्हणं, कुटनं आलासा?”

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

सोमवारी वहिनीनं ताट आणलं, आईनं ते बाजूला सारलं. “माजा उपास हाय. पोरगं मिल्ट्रीत हाय माजं.” भाऊ समोरच बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं, त्यानं हातानंच मला थांबवलं. उठला, बाहेर गेला, चपला घातल्या आणि अंगणातून परत आला.

“आवं मावशी, तुमच्या पोराच्या पलटणीतला हाय मी. त्येचा सांगावा घिऊन आलोय.”

आई सरसावून बसली. “काय म्हणला त्यो?”

“नोकरी सपली म्हणला. आईला म्हणावं, उपास सोड. सकाळीच जेव.”

“सोता का न्हाई आला?”

“येतोय. वाटंत हाय.”

तिनं ताट पुढं ओढलं. इतक्या वर्षांत सोमवारी सकाळी तिला जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता दर सोमवारी तो चपला घालून बाहेर जातो आणि सांगावा घेऊन येतो. गेल्या सोमवारी मी माहेरीच होते. आईनं पाव्हण्यालाही शेजारी बसवलं, आपल्या हातानं भाकरी वाढली. दोन घास खाल्ल्यावर तिचा हात थांबला.

“त्यो जेवला आसंल का वो?”

“जेवतोय, मावशी,” भाऊ म्हणाला.