हुकुमाशिवाय हललेली गाडी

विसर्जन झालं की माझा कारखाना रिकामा होतो. कारखाना म्हणजे गणपतींचा. रेवदंड्याला वडिलांच्या मागे तो मीच चालवते आणि डोळ्यांची आखणी अजूनही दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. त्या रिकाम्या जागेत जुनं दार चार पाटांवर आडवं टाकून मी आफ्रिकेतल्या झाडीतली लढाई मांडली. शिपाई इंचभर उंचीचे, शाडूचेच, आत तार घातलेले. झुडपं नारळाच्या काथ्याची, हिरव्या रंगात बुडवून काढलेली.

देव घडवणारे हात आता बंदूकवाले घडवायला लागले, असं शेजारणी म्हणाल्या. म्हणू देत. नवरात्रात महिषासुर मीच घडवते, तेव्हा कुणाच्या पोटात दुखत नाही.

आफ्रिकाच का, असंही विचारतात. आमच्या आळीच्या टोकाला एक निवृत्त हवालदार राहतात. शांतिसेनेचं निळं हेल्मेट घालून ते वर्षभर तिकडच्या एका देशात होते. येताना त्यांनी बाटलीत लाल माती आणली होती. ती पाहिली आणि मला वाटलं, ही तर आपल्याच डोंगराची. त्या मातीवर माणसं कशापायी मरतात ते कळून घ्यावंसं वाटलं. हवालदार वारुळांबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे, लढाईबद्दल अवाक्षर नाही. मग मीच मोबाईलवर वाचत बसले आणि दोन वर्षांत चाळीस पानी वहीभर नियम लिहिले.

खेळ साधा आहे. एका बाजूला बंडखोर, मशीनगन बसवलेल्या दोन पिकअप गाड्या घेऊन. दुसऱ्या बाजूला निळ्या हेल्मेटवाल्यांची चौकी आणि एक ट्रक. मध्ये गावची शाळा, शाळेत आसऱ्याला आलेले वीस गावकरी. गावकऱ्यांसाठी मी चिंचोके ठेवले होते. बंडखोर कुठेही फिरू शकतात. निळ्यांना मात्र चौकी सोडायला वरून हुकूम लागतो. दर पाळीला फासा टाकायचा, सहा पडले तर हुकूम आला. हुकुमाची ही एवढी एकच गोष्ट मला हवालदारांनी सांगितली होती. बंडखोर शाळेत शिरले की निळे हरले.

खेळ चालतो की नाही हे खेळूनच कळतं. म्हणून रविवारी दुपारी हवालदार निळ्यांकडून खेळायचे आणि आखातात पंधरा वर्षं ट्रक चालवून परतलेला आमच्या आळीतला एक भाई बंडखोरांकडून. मी टेप घेऊन अंतरं मोजायची आणि वहीत लिहायची. तीन रविवार निळे हरले. हुकूम यायचा तेव्हा शाळेत काही उरलेलं नसायचं.

भाई बिचारा मनाचा नरम. मला म्हणाला, "ताई, काकांना पाचावर पण हुकूम द्या ना. काय मजा हाय यात?"

"लाड नाहीत," मी म्हटलं. नियम म्हणजे नियम. ज्याला त्याला सोयीचा फासा दिला तर त्याला भातुकली म्हणतात. हवालदारांनी फासा उचलून पुढची पाळी घेतली. ते कधी तक्रार करायचे नाहीत, आणि मला ते आवडायचं.

चौथ्या रविवारी भाईच्या गाड्या पाचव्या पाळीलाच शाळेजवळ आल्या. हवालदारांना आधी दोन पडले, मग चार, मग एक, पुन्हा चार. पाचव्यांदा त्यांनी फासा उचललाच नाही. चौकीतला ट्रक उचलला आणि शाळेच्या फाटकात आडवा उभा केला.

"काका, हुकूम आला नाही," मी म्हटलं.

"म्हायत हाय."

"मग ट्रक मागे घ्या."

"न्हाय घेनार."

मला राग आला. खरा राग, कानशिलं तापली. दोन वर्षांची मेहनत, आणि हा माणूस सरळ हातानं उचलून ठेवतो? मी ट्रककडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. मोठ्या माणसानं लेकीचं धरावं तसं हलकंच धरलं, पण सोडलं नाही.

"बाय," ते म्हणाले, "तिकडची खरी शाला चौकीवरून दिसत व्हती. गाडीचं इंजिन चालू व्हतं, वायरलेस माज्याच हातात. सकाळधरनं गोलीबार चालला व्हता, हुकूम तीन वाजता आला. मंग आमी गेलो." शाळेतल्या चिंचोक्यांकडे बोट करून ते म्हणाले, "तिथं चिंचोकं नव्हतं." आणि मग, "हुकूम पाळला म्हनून माजं नाव चांगल्यात लिवलं. घरी पदक टांगलंय, तू बगितलंस ना."

बघितलं होतं. कौतुकही केलं होतं. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी तडकते. मी वही उघडली आणि म्हटलं, "ठीक. पण फुकट नाही जायचं. नियम मोडला तर किंमत लागेल."

"लागूच दे," हवालदार म्हणाले. "लिव. जो हुकूम नसताना जाईल, तो हरला. पुढं काय बी होवो, तो हरलाच. पदक न्हाय, काय न्हाय."

मी शब्दन् शब्द तसाच लिहिला. मग भाईला खेळायला लावलं. त्यानं फासे टाकले, ट्रक दुसऱ्याच माऱ्यात गेला. पण फाटक अडलं होतं तेवढ्या वेळात मागच्या दारानं सतरा चिंचोके झाडीत पोचले. हवालदारांनी ते एकेक करून मोजले आणि पुन्हा मोजले.

त्या आठवड्यात मी वीस गावकरी घडवले. बायका, म्हातारे, पोरं. आखणीच्या सगळ्यात बारीक ब्रशानं चाळीस डोळे काढले. मेला की शिपाई पालथा घालायचा, हा खेळाचा नियम; पण आमच्याकडे डोळे काढले की मूर्ती कुणी पालथी ठेवत नाही.

पुढे मुंबईहून असल्या खेळांतले एक जाणकार अलिबागला सुट्टीला आले होते, ते आवर्जून कारखान्यात आले. वही वाचली, झाडांचं कौतुक केलं, खेळ छापून आणायला मदत करतो म्हणाले. फक्त एक नियम काढा, म्हणाले. हरणार हे पक्कं ठाऊक असताना मुद्दाम तशी खेळी कोण करेल? तो नियम कधी वापरलाच जाणार नाही.

मी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. "छापू नका," म्हटलं. "पण रविवारी दुपारी या. इथं एक माणूस दर वेळी हरतो, आणि मग दोन चमचे जास्त साखर घालून चहा मागतो."