जावई आणि फ्लॉपी

दर रविवारी आम्ही सात-आठ जण मेहरूणला अक्कांच्या घरी फ्लॉप्यांची देवघेव करायला जमायचो. कुणाचीही फ्लॉपी आधी अक्कांच्या कॉम्प्युटरवर चालायची, मगच इतरांना मिळायची.

अक्का प्रोग्राम सुरू करत आणि कॉम्प्युटरची तारीख एकेक दिवस पुढे ढकलत वर्षभर फिरवत. काही व्हायरस ठरलेल्या तारखेपर्यंत गप्प बसतात, हे त्यांना ठाऊक होतं.

एकदा मी धुळ्याहून नवा गेम आणला. सगळ्यांना तो हवा होता.

"अक्का, चांगला चाललाय की! पुरे आता," मी म्हणालो.

"पहिल्या दिवशी सगळेच जावई गुणी असतात, भाऊ. दिवाळीला कसा वागतो ते बघू."

दिवाळीपर्यंत जावंच लागलं नाही. तारीख मार्चमध्ये पोचताच पडदा काळा झाला. कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं गेलं. अक्कांनी वर्षभर ठिपका ठिपका जुळवून बनवलेली मराठी अक्षरंसुद्धा.

अक्कांनी माझी फ्लॉपी काढून कात्रीनं कापली.

"माझ्याच घरी फुटलं ना? मंग बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक म्हणे!

मग त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा उभा केला, तारीख त्या रविवारवर आणली आणि हात पुढे केला. "पुढची कुणाची?"

प्रत्येकाच्या खिशात फ्लॉपी होती. ती बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही.