ऑपरेटर उलटा केला, पण पीआय मिळेना

चहाचा कप आधी घट्ट धरा. कारण एका गणितापायी मी आमच्या रावेतच्या सोसायटीत जो तमाशा करून ठेवला, तो ऐकताना चहा सांडला तर मी जबाबदार नाही!

मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. मी बीडचा, शिकायला पुण्यात मामांकडे राहिलेलो. मामा चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. घर मामांचं, मोटरसायकल मामांची, जेवण मामींच्या हातचं. माझं स्वतःचं असं एकच, राहिलेला विषय! एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. एकदा उडाला होता. पुन्हा उडाला असता तर वर्ष गेलं असतं आणि मी परत बीडला.

आणि त्यात डिफरन्शियल इक्वेशन! थोडक्यात सांगतो. उत्तराचे दोन तुकडे असतात. पहिला कॉम्प्लिमेंटरी फंक्शन, म्हणजे सीएफ. तो सुखासुखी निघतो. दुसरा पर्टिक्युलर इंटिग्रल, म्हणजे पीआय. तो काढायचा तर गणितातला 'डी' नावाचा ऑपरेटर उलटा करावा लागतो. कळलं? नाही ना? मलाही नव्हतं कळलं.

पेपरच्या आदल्या दुपारी मी गॅलरीत डोकं धरून बसलेलो. तेवढ्यात मंग्या या वर्गमित्राचा फोन.

"झालं का रे भावा?"

"कसलं झालं! ऑपरेटर उलटा केला मी. तीनदा केला! पण पीआय काही मिळेना. कुठली केस लागते तेच समजेना. उद्या मेलो मी!"

पलीकडे मामी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या लेखी ऑपरेटर म्हणजे मामांच्या हाताखाली मशीन चालवणारा माणूस. पीआय म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर. आणि मी रोज मामांची गाडी घेऊन हिंडणार. आता मला सांगा, त्या माउलीनं काय समजायचं? त्यांनी गुपचूप आत जाऊन मामांना फोन लावला. हे सगळं मला नंतर कळलं हो!

थोड्या वेळानं मला मामांचा फोन.

"खरं सांग. ऑपरेटर उलटा केलास?"

मला भरूनच आलं. शिफ्ट चालू असताना मामा माझ्या अभ्यासाची चौकशी करताहेत!

"केला मामा. पण पीआय मिळत नाही."

"आणि तीनदा?"

"हो. पहिल्यांदा नीट झाला नाही असं वाटलं, म्हणून परत केला."



"अरे, माणूस आहेस का कोण!" मामा मशीनच्या आवाजावर ओरडले. "पीआय मी आणतो. तू घरातून हलायचं नाही. आणि गाडीला हात लावायचा नाही!"

गाडीचा काय संबंध? पण म्हटलं, असतील ओळखीतले कोणी क्लासवाले सर. मी टेबल आवरलं, पेन्सिलीला टोक केलं. मामींनी शिऱ्याची बशी पुढे ठेवली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "खाऊन घे लेकरा. परत कधी मिळंल काय माहीत."

एम-थ्रीचा एवढा धसका मामींनी घेतलाय? मी शिरा संपवला.

मामा आले ते हाफ डे टाकून, कंपनीच्या ड्रेसवरच. मागे बी विंगमधले जगदाळे साहेब, ट्रॅक पँटमध्ये. त्यांना मी लिफ्टमध्ये पाहिलेलं, पण ते करतात काय, देव जाणे. मी वाकून नमस्कार केला.

"साहेब, पोरगं तसं चांगलं आहे..." मामांनी सुरुवात केली.

"थांबा, त्याला बोलू द्या." साहेब माझ्याकडे वळले. "ऑपरेटर कुठला?"

"डी वर्ग अधिक चार, सर."

"कुठल्या कंपनीचा?"

"कंपनीचा नाही सर, सिलॅबसमधलाच आहे."

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी मामींकडे. मामींनी तोंडाला पदर लावला.

"काय उलटं केलंस, ते दाखव मला."

मी कागद पुढे केला. साहेब वाचत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग ते खुर्चीचा आधार घेऊन हसले!

"अहो, अपघात कसला? गणित आहे हे! मीही मेकॅनिकलचाच. या एम-थ्रीला कंटाळून तर पोलिसात आलो."

मामा सोफ्यावर मटकन बसले. मामी म्हणाल्या, "म्हंजी कुणी मेलं न्हाई ना, वो?"

मेलं होतं की! मी, शरमेनं. समोर साक्षात पीआय उभे होते आणि मी त्यांना क्लासवाले समजून बसलो होतो.

साहेब मात्र दिलदार. "आता आलोच आहे तर सांग, अडलंय कुठं?"

"सर, पीआय कितीही वेळा काढला तरी शून्यच येतोय."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे काय लिहिलंय?"

"शून्य."

"मग पीआय शून्यच येणार की रे! सीएफ हेच तुझं पूर्ण उत्तर. ते तर तू काढून बसलायस!"

चाकणचं ट्रॅफिक तुडवत आलेल्या मामांना यातलं अक्षर कळलं नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी हात जोडून विचारलं, "साहेब, मग पोराला पीआय मिळाला का?"

"मिळाला," साहेब चपला घालत म्हणाले, "पण त्याला पीआयची गरजच नव्हती."