परत आलेला माल आणि रजनीताई

रजनीताई देवरे यांना मी प्रथम भेटले ती १९९३ साली, नोकरी मागायला. अभियांत्रिकीचा डिप्लोमा हाती होता, पण सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या बऱ्याच कारखान्यांनी 'यंत्रांवर मुलगी नको' म्हणून परत पाठवले होते. ताईंचा जवळच्या अंबड वसाहतीत गळती रोखणारे रबरी सील बनवण्याचा छोटा कारखाना होता. तिथे गेले तीही नकार गृहीत धरूनच. माझी कागदपत्रे पाहून ताईंनी विचारले, "नकार आला की घरी जाऊन काय करतेस?" मी खरे तेच सांगितले, की जेवत नाही.

"ही शिक्षा कशाबद्दल?" त्या म्हणाल्या.

मग कागदपत्रे परत देत त्यांनी मला उद्यापासून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या कामावर रुजू झाले.

एका मोठ्या वाहन कंपनीचे काम मिळावे म्हणून ताईंनी घरच्यांचा विरोध पत्करून रबर साच्यात दाबणारा नवा प्रेस बसवला होता. चाचणीसाठी पहिला मोठा लॉट गेला आणि आठवडाभरात टेम्पो तोच माल घेऊन दारात उभा राहिला. रबराला दाबाखाली चिरा पडत होत्या. प्रेस चालवणारे पंडितराव त्या दिवसापासून येईनासे झाले. दुसरा माणूस बघा, असे ताईंना अनेकांनी सुचवले. ताई मला घेऊन सातपूरला त्यांच्या खोलीवर गेल्या.

"माझ्या हातूनच बिघडलं ताई. कोणत्या तोंडानं येऊ?" पंडितराव खाली बघत म्हणाले.

"साच्याचं तापमान मीही तपासायला हवं होतं," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण त्यापायी मी स्वतःला छळत बसले, तर चूक दुरुस्त कोण करणार? उद्या या."

पंडितराव आले.

पुढेही त्या कंपनीने आमचे नमुने पुन्हा पुन्हा नाकारले. अशा दिवशी ताई कारखाना वेळेवर बंद करून गंगापूर रस्त्याने फिरून येत. कधी डोळे भरून येत. ते त्या लपवीत नसत. सकाळी मात्र नापास झालेले सील कापून आम्ही तिघे टेबलाभोवती बसत असू. कंपनीचे काम अखेर मिळालेच नाही. पण त्या खटाटोपात जे रबर साधले, ते द्राक्षबागांच्या फवारणी पंपांना चपखल बसले. औषधाने ते फुगत नसे. निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार तेच मागू लागले आणि आज कारखाना त्यावर उभा आहे.

ताईंनी यंदा साठी पूर्ण केली. गेल्या वर्षी त्या गायनाच्या पहिल्या परीक्षेला बसल्या आणि नापास झाल्या. निकाल त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितला, सूर कुठे ढळतो ते आपल्या शिक्षिकेकडून समजून घेतले, आणि आता रोज सकाळी तेवढेच घोटतात. लवकरच त्या पुन्हा परीक्षेला बसतील. पास झाल्या तर आम्ही पेढे वाटू, नाही झाल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा निकाल ऐकायला जमू. त्यासाठी त्यांना निरोगी आणि भरपूर मोठे आयुष्य लाभो, एवढेच आम्हा सर्वांचे मागणे आहे.