गरडीच्या दारातले बूट

जागा बघायला गेले की मी आधी वर बघते. हॉलचा मॅनेजर एसी दाखवत असतो, खुर्च्या दाखवत असतो, वधूपक्षाची खोली दाखवत असतो, आणि मी मान वर करून पंखे किती खाली लटकतायत ते बघत असते. रिंगचा चौथरा चार फूट. कोपऱ्यातला खांब आणखी चार फूट. त्या खांबावर माझा धाकटा भाऊ उभा, आणि तिथून तो उडी मारणार. पंखा खाली असला तर मी चहासुद्धा न घेता परत फिरते.

एका छोट्या कुस्ती कंपनीसाठी मी म्हैसुरात जागा ठरवायचे. कुस्ती म्हणजे टीव्हीवर दिसते तसली, दोऱ्यांच्या रिंगमधली, कोण जिंकणार ते आधी ठरलेलं. निकाल ठरलेला असतो, आपटणं खरं असतं. हे वाक्य इतक्या मॅनेजरांना ऐकवलंय की माझं मलाच त्याचा वीट आलाय.

त्या वर्षी जागाच मिळेना. हिनकलच्या कल्याणमंटपाचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, इथं लोक संसार सुरू करतात, तुम्ही मारामारी करणार?" मी म्हटलं, फरक काय आहे? त्याला काही हसू आलं नाही. हेब्बाळला एक रिकामी शेड मिळत होती, उंची फक्कड, पण बाहेर कंपन्यांच्या बसेसची रांग, माणसं येणार कुठून? पिरियापट्टणला तंबाखूचं गोदाम बघितलं, तर पाच मिनिटांत माझ्या शिंका थांबेनात. तिथं पैलवान श्वास काय घेणार, डोंबल! शेवटी कंपनीच्या मालकाचा फोन आला. महिनाअखेरपर्यंत जागा नाही ठरली तर म्हैसूर बंद, आणि म्हैसूरचा माणूसही बंद. म्हैसूरचा माणूस एकच होता, माझा भाऊ.

आणि त्याचा उजवा घोटा गेलेला होता. आधीच्या एका शोमध्ये मुरगळला, डॉक्टरनं उड्या बंद सांगितल्या. हा पठ्ठ्या पोटरीपर्यंतचे बूट करकचून बांधायचा आणि उडायचा. "बूट आहेत तोवर काही होत नाही अक्का," म्हणायचा. अप्पांना, आमच्या वडिलांना, सांगायचं नाही अशी त्यानं मला शपथ घातली होती. मी घेतली. मोठी बहीण म्हणून अक्कल वापरायची ती नाही वापरली.

अप्पा जुने गरडीतले. गरडी म्हणजे तालीम. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण तालमीला तालीम कुणी म्हणत नाही. अप्पांच्या गरडीच्या अंगणात लाल मातीचा आखाडा आहे. हळद, तेल, ताक घालून ती माती अजून अप्पाच मळतात. तिच्यावर पाय ठेवायच्या आधी वाकून ती कपाळाला लावायची. आमच्या कुस्तीला ते नाटक म्हणायचे. भावाचा एकही शो त्यांनी बघितला नव्हता. पोरगा कुठं जातो असं कुणी विचारलं की "कंपनीत आहे" म्हणून विषय बदलायचे. ते ऐकून भाऊ हसायचा, पण ताटावरून लवकर उठायचा.

आखाड्याच्या पलीकडं अंगणात रिंग आरामात मावते, वर मोकळं आभाळ. मला हे कधीपासून दिसत होतं. विचारायची छाती होत नव्हती. मालकाच्या फोननंतर विचारलं.

चार दिवस अप्पा नुसती माती मळत राहिले. पाचव्या दिवशी कॉफीचा लोटा खाली ठेवून म्हणाले, "आयतु, झालं तर. घ्या जागा. पण गेटाच्या आत पायात काही नको. कुणाच्याच."

"चालेल अप्पा," मी म्हटलं. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. मी बाई, संडास किती ते विचारणारी, अॅम्ब्युलन्स आत वळते का ते स्वतः पावलं टाकून मोजणारी. आणि इथं एक शब्द विचारला नाही. ते हो म्हणाले एवढंच डोक्यात भिनलं होतं.

बाकीच्या पैलवानांनी कुरकुर करत मान्य केलं. भावानं फक्त विचारलं, "अप्पा येणार?"

"येतील."

"मग साकु, तेवढं बस," तो म्हणाला. "पट्टी घट्ट बांधतो." मी त्याच्या घोट्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

शो दुपारी चारला ठेवला होता. गर्दी झाली, खुर्च्या कमी पडल्या. गेटाबाहेर चपला-बुटांचा ढीग, लग्नघरासारखा. त्यातच एका कडेला भावाचे ते उंच बूट त्यानं नीट जोडून ठेवले होते. अप्पा आले, पण आत नाही आले. गेटाशीच उभे राहिले, चपला पायात तशाच. "मी आपला व्यवस्था बघायला आलोय," म्हणाले. मी म्हटलं बरं. मनातून मात्र मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

भाऊ खांबावर चढला. अनवाणी. वरच्या दोरीवर त्याचा पाय जरा सरकला, त्यानं सावरलं. गेटाकडं एकदा बघितलं, आणि उडी मारली.

तो ओरडला. प्रत्येक शोमध्ये ओरडतो, त्याच्या कामाचाच भाग तो. लोक शिट्ट्या मारायला लागले. पंचानं नेहमीसारखी मोजणी सुरू केली. आणि मी, देवा, मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात. किती छान करतोय आज, अप्पा बघतायत, असं मला वाटलं.

तेवढ्यात माझ्या बाजूनं कुणीतरी धावत गेलं. अप्पा. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत, तो माणूस. ते आखाड्याला वळसा घालून गेले नाहीत. सरळ लाल मातीतून गेले, चपला पायात घेऊन, आणि रिंगवर चढून त्याचा पाय दोन्ही हातांत धरून ओरडले, "थांबवा रे! खरं आहे हे!"

टाळ्या हळूहळू थांबल्या. माझ्या सगळ्यांच्या शेवटी थांबल्या असं मला अजून वाटतं.

घोट्यात स्टीलची पट्टी आणि स्क्रू बसले. उडी कायमची गेली. हॉस्पिटलात मी अप्पांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "इतका वेळ ओरडताना तो लोकांकडं बघत होता. या वेळी नाही बघितलं." म्हणजे पहिल्यापासून ते डोळ्यांत तेल घालून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. मी गरडीवर गेले. एकटेच फावड्यानं आखाडा उकरत होते. मातीत त्यांच्या चपलांचे ठसे अजून अर्ध्यापर्यंत दिसत होते. मी गेटाबाहेर चपला काढल्या.

"अप्पा, माती बाटली म्हणून कुणी बोललं का?"

"मातीचं सोड." त्यांनी फावडं थांबवलं नाही. "त्याचा पाय आधीच अधू होता. डॉक्टर म्हणाला. तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"बूट त्यासाठी होते?"

"हो."

आता ते थांबले. हाताची माती झटकली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"मला एकदा सांगायचंस की गं," ते म्हणाले. "मी स्वतः त्याच्या पायात बूट चढवून त्याला आत आणला असता."

आणि पुन्हा उकरायला लागले. मी अनवाणी गेटापाशी उभी होते. आत ये असं ते म्हणाले नाहीत, आणि माझाही पाय उचलेना.