कुंकू लावून पाठवलेले बैल

निम्म्या मिरच्यांचे देठ काढून झाले होते. उरलेल्या निम्म्या पोत्यावर तशाच पसरलेल्या होत्या आणि मालुबाईची बोटं चुरचुरत होती. चटणीच्या दिवसांत उचगावात घरोघरी शिंका आणि खोकला. मालुबाई पदरानं नाक दाबून, तोंडानं काळम्माचं नाव घेत एकेक देठ खुडत होती. तेवढ्यात तिची सून आरोही माडीवरून धडाधडा खाली आली.

“आत्ती, हात धुवा आदी.”

“अगं, निम्म्याच झाल्यात. ऊन हाय तवर वाळत घालाय पायजेत.”

“मिरच्या ऱ्हाऊ देत. हात धुवा आनि हिकडं या.”

सुनेचा आवाज ऐकून मालुबाई उठली. साबणानं हात चोळून धुतले, तरी फोनला बोट लावायचा धीर होईना. आरोहीनंच तो तिच्या तोंडासमोर धरला.

फोनमध्ये एक तरुण बाई दिसत होती. बेंगळूरची. पांढऱ्या भिंतींचं लख्ख घर, मागं फुगे लावलेले. तिनं खोकं उघडलं, आतला कागद बाजूला केला आणि बैल बाहेर काढला. चाकांचा, दोरीनं ओढायचा बैल. मालुबाईनं तो लगेच ओळखला. तिच्या नवऱ्याच्या, भरमूच्या हातचा बैल मान किंचित डावीकडं वळवून उभा असतो, तो शंभरांत कळतो. पण त्याचं तोंड काही ओळखू येईना. कपाळापासून नाकाडापर्यंत, तिथून गळ्यापर्यंत लाल ओघळ पसरलेला. त्या बाईनं खोकं पालथं केलं, तर चार तांदूळ टेबलावर पडले. मग ती हिंदीत बोलायला लागली. मालिका बघून बघून मालुबाईला हिंदी कळत होती. बाई म्हणत होती, माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला हे काय पाठवलंय? हे रक्त आहे का? हे तांदूळ कशाचे? कुणी काही करून पाठवलंय का?

“ह्यो आपलाच न्हवं?” मालुबाईनं विचारलं.

“आपलाच. हजारो लोकांनी बघिटलाय, आत्ती.”

मालुबाई पायरीवर बसली. कुंकू तिनंच लावलं होतं.

सुताराच्या घरातून लाकडाची वस्तू कोऱ्या कपाळानं बाहेर पडत नाही, ही या घराची रीत. चौकट असो, पाळणा असो, नाहीतर गाडीचं जू. ते उंबऱ्यावर ठेवायचं, कुंकवाचं बोट लावायचं, वर अक्षता टाकायच्या आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. गिऱ्हाईकसुद्धा आपल्या दारात त्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचं. कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं. कणकुंबीहून लग्न होऊन या घरात आली, तेव्हा सासूनं चूल दाखवायच्या आधी मालुबाईला ही रीत दाखवली होती. तेव्हापासून घरातनं बाहेर गेलेल्या प्रत्येक लाकडाला तिचं बोट लागलेलं. खेळण्यांची खोकी बांधतानाही तिनं तेच केलं, अगदी सगळ्यांच्या देखत. आरोही खोक्याला चिकटपट्टी लावायची आणि स्वतःच कुंकवाचा करंडा पुढं सरकवायची.

आजवर काही बिघडलं नव्हतं, कारण आजवर बैल रंगवलेले असायचे. तेलरंगावर लावलेलं कुंकू फडक्यानं पुसलं की गेलं. पण आरोहीनं मोबाइलवर बघून सांगितलं होतं की शहरातल्या आयांना रंग नको असतो, पोरं खेळणी तोंडात घालतात. म्हणून भरमू आता पांगाऱ्याचं पांढरं लाकूड नुसतं घासून गुळगुळीत करायचा आणि वर खोबरेल तेल चोळायचा. त्या ओल्या तेलावर कुंकू, आणि मग वैशाखाच्या उन्हात तापलेल्या गाडीतून बेंगळूरपर्यंतचा प्रवास. तेल पातळ झालं आणि कुंकू लाकडात शिरत खाली उतरत गेलं. हे त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या मालुबाईला सगळं उमगलं. पण उमगून आता काय उपयोग होता?

आणि खेळण्यांचा धंदा काही हौसेचा नव्हता. गावात तयार दारं टेम्पोतून यायला लागली, गाड्यांना रबरी चाकं आली, तसा भरमू सुतार रिकामा झाला. रिकामा झाला आणि मुका झाला. सकाळी कट्ट्यावर बसायचा तो जेवायलाच उठायचा. ताटात काय वाढलंय तेसुद्धा बघायचा नाही. मीठ कमी पडलं तरी तक्रार नाही, आणि मालुबाईला त्याचीच भीती वाटायची. मग नातीसाठी त्यानं एक चाकांचा बैल केला, आरोहीनं त्याचा फोटो टाकला, आणि कुठनं कुठनं मागण्या यायला लागल्या. भरमू परत घराशेजारच्या कामाच्या शेडमध्ये जायला लागला. आरोही व्हिडिओ काढायची तेव्हा टोपी सारखी करून बसायचा आणि म्हणायचा, “पोरी, माजं पोट घेऊ नगो त्यात, बैल घे.” एकदा रंधा जागेवर सापडला नाही म्हणून त्यानं अख्ख्या घराला शिव्या दिल्या. त्या दिवशी मालुबाईनं काळम्माला नारळ फोडला.

पण मुलगा सौरव, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जाणारा, सांगून बसला होता. “बेंदरापर्यंत बघतो. चाललं तर चाललं. न्हायतर शेड पाण्याच्या कॅनवाल्याला भाड्यानं देनार.” बेंदूर, बैलांचा सण, तोंडावर आलेला. बैलांच्या मागण्या याच दिवसांत यायच्या. हा हंगाम गेला की शेड गेली, आणि शेड गेली की भरमू परत कट्ट्यावर.

मालुबाई फोन पदरात धरून शेडमध्ये गेली. भरमू एका बैलाच्या खुरांवर कानस फिरवत होता.

“अवो, हे बघा वाईच.”

त्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाला, “परत लाव.” परत बघितला.

“चाक बराबर फिरतंय की,” तो म्हणाला.

“चाकाचं काय घेऊन बसलाय? त्या बाईला रगत वाटलं त्ये.”

“कुंकू हाय म्हनून सांग तिला.”

“फोनात सांगता येत न्हाय हो.”

“मग फोन कशाला दिलाय?” भरमू म्हणाला आणि परत खुरावर कानस फिरवायला लागला. पण आता तो एकाच खुरावर फिरवत राहिला. ते खूर झिजून बारीक झालं, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी शेजारची राजाबाई ताकाच्या निमित्तानं आली. “मालू, तुज्या बैलानं बेंगळूर गाजवलं म्हनं!”

“गाजवलं तर गाजवलं. ताक पायजे का न्हाय तुला?”

“पायजे की. पन तांदूळ टाकून दिऊ नगो हं!” राजाबाई आपल्याच विनोदावर हसली. मालुबाईनं तिच्या तांब्यात ताक ओतलं आणि हसण्याला हसणं जोडलं. दार लावल्यावर मात्र ती देवघरापुढं जाऊन बसली. निरांजन लावलं, हात जोडले, आणि काय मागावं हेच तिला सुचेना. रीत पाळली ही चूक झाली म्हणून क्षमा मागायची, की रीत मोडू देऊ नको म्हणून मागायचं? दोन्ही एकदम मागता येण्यासारखं नव्हतं. वात कमी झाली तेव्हा ती तशीच उठली.

दुसऱ्या दिवशी आरोहीनं उपाय काढला. आत्तींनीच मोबाइलसमोर बसून लोकांना सांगायचं. मालुबाई नवं इरकल नेसली, बैल मांडीवर घेतला. मग बोलली ती अशी: “बाई, त्यात वंगाळ काय न्हाय. लेक सासरी धाडताना आपन तिला कुंकू लावतो का न्हाय? तसंच लावलंय. तुमच्या बाळाला माजा आशीर्वाद हाय.” एवढं बोलून तिनं हात जोडले. आरोहीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं खाली हिंदीत सगळं लिहून तो व्हिडिओ टाकला.

त्याखाली लोक काय लिहितात ते आरोही दोन दिवस वाचून दाखवत होती. मग तिनं वाचायचं बंद केलं. कुणी गोड लिहिलं होतं, नाही असं नाही. पण गोड लिहिणारे बैल मागवत नव्हते, आणि ज्यांनी मागवले होते ते परत पाठवत होते. ज्या साइटवर त्यांचं दुकान लावलं होतं, तिनं तक्रारी बघून दुकानच बंद केलं. आरोहीनं फोन लावला, तर पलीकडं यंत्रच बोलत होतं. एक दाबा, दोन दाबा. ती दाबत राहिली. माणूस काही मिळाला नाही.

“इथनं फुडं कुंकू लावायचं न्हाय, आत्ती,” ती शेवटी म्हणाली.

मालुबाईनं भरमूकडं बघितलं. त्यानं नको म्हणावं, एवढंच तिला वाटत होतं. घरची रीत, आईची रीत. एकदा तरी त्यानं सुनेवर डाफरावं.

“लाव न्हायतर लावू नगो,” भरमू म्हणाला. “तुमचं तुमी बघा.”

शिवीसुद्धा दिली नाही त्यानं.

त्यानंतर एकच मागणी आली, तीही निपाणीच्या बाजूनं, कुणाच्या तरी ओळखीतून. मालुबाईनं तो बैल उंबऱ्यावर ठेवला. करंडा बाजूलाच होता. तिनं हात पदरात गुंडाळून घेतले आणि आरोहीनं खोकं बंद केलं. कोरं कपाळ घेऊन बैल गेला. परत आला नाही. मिळाला, आवडला, मोडला, काहीच कळलं नाही. आरोही रोज फोन बघायची आणि मान हलवायची. मालुबाईला वाटत होतं, त्या घरी काही वाईट झालं नाही म्हणजे मिळवलं.

बेंदूर आला. घरात जिवंत बैल नव्हतेच, म्हणून दरवर्षीसारखे मातीचे पूजले. पुरणपोळी केली. भरमूनं दोन खाल्ल्या आणि पानावरनं उठला. दुसऱ्या दिवशी सौरव पाण्याच्या कॅनवाल्याला घेऊन आला. तो माणूस शेडची लांबी-रुंदी बघत होता, आणि भरमू स्वतःहून कट्ट्यावरनं उठून त्याला दाखवायला गेला. “हितं नळ काडता येतोय. पत्रे गळत न्हाईत.”

“आप्पा, तुमाला चालतंय न्हवं?” सौरवनं मान खाली घालून विचारलं.

“बरं झालं की. लाकडाची धूळ लई व्हती. छातीत जायची.”

पटाशा, कानसी, रंधे पोत्यात भरून माळ्यावर टाकले. लेथ कोपऱ्यात ढकलून त्यावर ताडपत्री घातली. मालुबाईनं शेड झाडून काढली. खाली उरलेला भुसा बंबाला होईल म्हणून तिनं डब्यात भरला. आत आली तर भरमू जेवायला बसलेला. आमटीत ती मीठ टाकायला विसरली होती. त्यानं भाकरी बुडवली, खाल्ली, परत बुडवली.

“मीठ नगो का?” तिनं विचारलं.

“हाय तसं हाय.”

ती मिठाची बरणी हातात घेऊन उभी राहिली. मग बरणी त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्यानं हात लावला नाही.

तेवढ्यात आरोहीचा फोन वाजला. कुरिअरवाला होता. परत आलेली सगळी खोकी त्यांच्या ऑफिसात अडकून पडली होती. घराकडं गाडी येणार नव्हती, आणि उद्या संध्याकाळपर्यंत नेली नाहीत तर ते फेकून देणार होते. सौरवची सकाळची पाळी होती, आरोहीला लेकीला दवाखान्यात डोस द्यायला न्यायचं होतं. भरमूला कुणी विचारलंच नाही.

“मी जाते,” मालुबाई म्हणाली. तिनं दोन मोठ्या पिशव्या खुंटीवरून काढून झटकल्या. सकाळची बस धरून बेळगावला जायचं होतं, कुरिअरच्या ऑफिसातून बैल आणायला.