मामीच्या स्कूटरची नंबरप्लेट

माझ्या मामीइतक्या उत्साहाने नुसते दातसुद्धा घासणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. गॅसचा सिलिंडर आला तरी ती पाहुणा आल्यासारखी दाराशी धावते, आणि लाइट गेली की ‘चला, आता गप्पा मारू’ म्हणून टाळ्या वाजवते. पेणजवळ खाडीकाठच्या गावात तिचं घर. पोह्याचे पापड लाटायचे आणि स्वतःच्या स्कूटरवरून थेट रोह्यापर्यंतच्या दुकानांत पोचवायचे, हा तिचा धंदा. उतारावर ती हॉर्न वाजवायची तो समोर कोणी असायचं म्हणून नव्हे, आनंद व्हायचा म्हणून!

खाऱ्या वाऱ्याने त्या स्कूटरची नंबरप्लेट पार खाल्ली होती. आकडे गेले, गंज तेवढा उरला. कोणी टोकलं की मामी म्हणायची, “गाडी मला ओळखते नि मी गाडीला. नंबर कशाला हवा?” मग जुन्या गाड्यांना नव्या प्लेट बसवायचा हुकूम निघाला आणि मामीच्या अंगात वारं शिरलं. पेणची तारीख लवकर मिळेना, रोह्याची मिळाली. त्या सकाळी तिने ठेवणीतली साडी नेसली, स्कूटरला न्हाऊ घालून झेंडूचा हार घातला, आणि मला मागे बसवून निघाली. शेजारणींना वाटलं, मुलाचं लग्न ठरलं.

कासूच्या अलीकडे पोलिसाने हात केला. “मावशी, नंबर कुठाय?”

“तोच आणायला चाललेय!”

“नंबराशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाय.”

“मग ती रोह्याला काय उडत जाणार हाय?”

पोलीस हसला, पण बधला नाही. गाडी आणखी पुढे नेलीत तर जप्त करावी लागेल, म्हणाला. मामीचा चेहरा एकदम उतरला. गाडी गेली की धंदाच बसला. मी म्हटलं, ढकलत घरी नेऊ. तेवढ्यात हमरापूरहून गणपती घेऊन निघालेला टेम्पो मागे येऊन थांबला, आणि मामीचे डोळे चमकले.

“दादा, रोह्याला ना? आमची गाडी वर घेता?”

“ताई, आत गणपती हायत!”

“मग बरंच की! त्यांच्या सोबतीला असली तर तिला कोण अडवणार?”

गाडी वर चढवायला शेवटी तो पोलीसच पुढे झाला. गवताच्या गादीवर, दोन गणपतींच्या मधोमध, गळ्यात हार घालून आमची स्कूटर रोह्याला गेली. वाटेत लोकांनी तिलाही नमस्कार केला.

नवी प्लेट बसली तशी मामीने रांगेतल्या प्रत्येकाकडून नंबर मोठ्याने वाचून घेतला. परत येताना तो पोलीस टपरीवर चहा पीत होता. कोणी अडवलं नसताना मामी स्वतःहून थांबली. “साहेब, वाचा!” त्याने ग्लास खाली ठेवला, एकेक आकडा खणखणीत वाचला आणि म्हणाला, “झकास, मावशी!” तिथून घरापर्यंत हॉर्न काही थांबला नाही.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली. दवाखान्यात नोकरीला असलेल्या कासूच्या एका मुलीला मामीने ती विकली. न्यायला आली त्या दिवशी मामीने तिला गाडीच्या सगळ्या खोडी समजावल्या आणि पदराने प्लेट पुसून दिली. मुलगी बांधावरच्या सरळ रस्त्याने निघाली.

“मामी, ऊन लागतंय. आत चल ना,” मी म्हटलं.

मान न वळवता ती म्हणाली, “थांब गो. अजून वाचता येतोय.”